तीन महिने बंद राहणारी गाडी
थंडीचे तीन महिने दिल्लीला जाताय, तर मोटारसायकल रेल्वेने न्यावी की सोलापुरातच ठेवावी, असं विचारलंय. माझं ऐका, ठेवून जा. पार्सलला टाकी रिकामी करावी लागते, आरसीची झेरॉक्स, पोत्याचं पॅकिंग. एवढं करूनही माझी गाडी क्लचचा लिव्हर वाकवूनच उतरली होती.

ठेवताना मात्र टाकी फुल करा. लोखंडी टाकीत रिकामी जागा राहिली की आत ओल धरते, गंज चढतो. त्यात हल्लीचं इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढतं. जुनी गाडी असेल तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढा, नाहीतर जेट, म्हणजे त्यातलं पेट्रोलचं बारीक भोक, चोंदतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. आठवड्याला दोन मिनिटं चालू करायला शेजाऱ्यांना अजिबात सांगू नका, तेवढ्यात बॅटरी भरत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी मात्र साचतं.

गाडी मेन स्टँडवर लावा, वर प्लास्टिक नको. आपली जुनी सोलापुरी चादर टाका, हवा खेळती राहते. आणि उंदरांकडे लक्ष द्या! माझ्या एअर फिल्टरच्या डब्यातून मूठभर कापूस अन् कुरतडलेली वायर निघाली होती. सायलेन्सरच्या तोंडाला बोळा लावा, आल्यावर किक मारायच्या आधी तो काढा.