५०० लिटरच्या ब्रूहाऊसवर फ्लो मीटर आणि फर्मेंटरचा हिशोब जुळत नाहीये, कुठे चुकतंय?

वॉर्टवाला_पुणे

नमस्कार मंडळी, पुण्यात एका मायक्रोब्रूअरीत ब्रूअर आहे, 500 लिटरचं ब्रूहाऊस (बिअरसाठी वॉर्ट, म्हणजे माल्टचा गोड रस, बनवायचा संच), आठवड्याला तीन ब्रू होतात. दोन महिन्यांपूर्वी मालकांच्या मागे लागून लागून एक मॅग्नेटिक फ्लो मीटर घेतला, दीड इंची, टीसी क्लॅम्पवाला, कारण आमची लाईनच दीड इंची आहे. बसवलाय प्लेट चिलरनंतर (इथे उकळलेला वॉर्ट थंड होतो), फर्मेंटरकडे, म्हणजे आंबवायच्या टाकीकडे, जाणाऱ्या पाइपवर. आणि तेव्हापासून डोक्याला ताप झालाय.

परवाचा ब्रू सांगतो. हेफेवायझन (गव्हाची बिअर), 12 प्लेटो (वजनानं साधारण 12 टक्के साखर). बॉइल संपल्यावर केटलमध्ये पट्टी बुडवली तर 540 लिटर. फ्लो मीटरवर टोटल आलं 527. आणि फर्मेंटरच्या साइट ग्लासवर (पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर) 490. आता तीन ठिकाणी तीन आकडे, खरा कुठला धरू? यीस्ट किती टाकायचं, ड्राय हॉपिंगला हॉप्स किती, एक्साइजच्या रजिस्टरला किती बल्क लिटर लिहायचे, सगळं या आकड्यावर आहे. मीटरवाल्याला फोन केला तर म्हणतो मीटर कॅलिब्रेट करूनच पाठवलाय, सर्टिफिकेट बघा. सर्टिफिकेट आहे, त्यावर अर्धा टक्का अचूकता लिहिलीये, मग हे 37 लिटर गेले कुठे?

दुसरं म्हणजे हाच मीटर काढून मी मॅशिंगच्या (माल्ट भिजवायच्या) पाण्याच्या लाईनवर लावून बघितला, आमचं आरओचं पाणी आहे, तर आकडा नुसता नाचतो, मध्येच शून्य, मध्येच 40 लिटर मिनिटाला. पाणी तर व्यवस्थित चालू असतं. वॉर्टवर असा नाचत नाही, जरा थरथरतो इतकंच. मीटर खराब आहे का? परत पाठवू का?

भोसरी_इन्स्ट्रुमेंट

परत पाठवायच्या आधी थांबा. मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये एकोणीस वर्षं आहे, डेअरी आणि ज्यूस प्लांट जास्त, बिअरचे दोन-तीन. मॅग मीटर चुकीचा दाखवतो म्हणून जेवढे कॉल येतात त्यातल्या बहुतेक ठिकाणी मीटर चांगला असतो, बसवलेला चुकीच्या जागी असतो. म्हणून आधी चार गोष्टी सांगा. चिलरच्या बाहेर आल्यावर मीटरपर्यंत काय काय आहे? एल्बो, व्हॉल्व्ह, ऑक्सिजनचा दगड (बारीक छिद्रांतून वॉर्टमध्ये ऑक्सिजन सोडणारा)? मीटर आडवा आहे की उभा? 500 लिटर जायला वेळ किती लागतो? आणि आरओच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी (वीज वाहून न्यायची क्षमता) किती?

तोवर आरओचं उत्तर देऊन ठेवतो. मॅग मीटर फॅरडेच्या नियमावर चालतो, चुंबकीय क्षेत्रातून वीज वाहू शकणारं द्रव गेलं की दोन इलेक्ट्रोडमध्ये बारीकसं व्होल्टेज तयार होतं आणि ते वेगाच्या प्रमाणात असतं. खुद्द फॅरडेनं 1832 मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्स नदीत धातूच्या पट्ट्या सोडून हे मोजायचा प्रयत्न केला होता, तेव्हा त्याच्या हाती नीट काही लागलं नाही, पण कल्पना तीच. मुद्दा असा की द्रवातून वीज वाहिली पाहिजे. वॉर्ट, बिअर, वाइन, द्राक्षाचा रस यांना काहीच अडचण नाही, त्यात क्षार आणि आम्लं भरपूर. आरओच्या पाण्यात आपण क्षारच काढून टाकलेले असतात. साधारण 5 मायक्रोसिमेन्सच्या खाली मीटर बंदच पडतो, आणि शुद्ध पाण्यासाठी बरेच मॅन्युअल किमान 20 सांगतात. तुमचं त्या सीमेवर असेल तर आकडा नाचणारच.

वॉर्टवाला_पुणे

सर धन्यवाद, इतक्या लवकर उत्तर येईल वाटलं नव्हतं. आत्ता हँड मीटरनं तपासलं, आरओ 11 मायक्रोसिमेन्स. म्हणजे तेच झालं.

लाईन अशी आहे: चिलर, मग एक एल्बो, मग ऑक्सिजनचा दगड, मग बटरफ्लाय व्हॉल्व्ह, त्याला लागूनच मीटर, आडवा, आणि तिथून पाइप खाली उतरून फर्मेंटरच्या तळाला. जागा नव्हती म्हणून वरच्या सर्वांत उंच तुकड्यात बसवलाय. ट्रान्सफरला 40 मिनिटं लागतात. ऑक्सिजन रोटामीटरवर (गॅसचा प्रवाह दाखवणाऱ्या नळीवर) 1 लिटर मिनिटाला.

भोसरी_इन्स्ट्रुमेंट

सापडलं. ऑक्सिजन!

दादा, मॅग मीटर द्रव मोजत नाही, पाइपातून जे काही सरकतंय त्याचा वेग मोजतो, आणि पाइप भरलेला आहे असं गृहीत धरून त्याला पाइपाच्या क्षेत्रफळानं गुणतो. बुडबुड्यांनी अडवलेली जागा तो वॉर्ट म्हणूनच मोजतो. तुमचा वॉर्ट 40 मिनिटांत 490 म्हणजे मिनिटाला सव्वाबारा लिटर. त्यात तुम्ही मिनिटाला 1 लिटर गॅस सोडताय, म्हणजे आठ टक्के. यातला विरघळतो किती? तुम्हाला वॉर्टमध्ये 8-10 पीपीएम ऑक्सिजन हवा असतो, 490 लिटरला म्हणजे साधारण चार-साडेचार ग्रॅम, म्हणजे तीन-साडेतीन लिटर गॅस. सोडलाय 40 लिटर. बाकीचा सगळा बुडबुडे होऊन मीटरमधून जातोय. लाईनमधल्या दाबानं तो थोडा आक्रसतो तेवढंच. तुमचा मीटर साडेसात टक्के जास्त दाखवतोय, हिशोब लागला की नाही बघा.

त्यात मीटर सर्वांत उंच जागी, म्हणजे गॅस तिथेच गोळा होणार आणि वरचा भाग रिकामा राहणार. आणि व्हॉल्व्हला लागून, म्हणजे प्रवाह विस्कळीत. मीटरच्या आधी पाइपाच्या व्यासाच्या किमान पाचपट सरळ पाइप हवा आणि नंतर दोन-तीनपट.

करायचं काय तर मीटर दगडाच्या आधी घ्या, चिलरच्या बाहेर, आणि शक्यतो उभ्या पाइपात, प्रवाह खालून वर जाईल असा. उभ्या पाइपात पाइप भरलेला राहतो, बुडबुडा आला तरी अडकून न बसता निघून जातो. इलेक्ट्रोड असलेली बाजू आडव्या पाइपात कधीही वर-खाली ठेवायची नाही, डावी-उजवीकडे ठेवायची, हे पण बघून घ्या.

अजून एक, आणि हे मला मनापासून सांगायचंय कारण सगळे इथेच चुकतात. लाईन दीड इंची म्हणून मीटर दीड इंची घ्यायचा नसतो, मीटर फ्लो बघून घ्यायचा. दीड इंची पाइपाचं आतलं माप 34.8 मिमी, त्यात मिनिटाला साडेबारा लिटर म्हणजे वेग भरतो सेकंदाला 22 सेंटिमीटर. सर्टिफिकेटवरचा अर्धा टक्का एवढ्या कमी वेगाला नसतो, तो साधारण अर्धा मीटर, एक मीटरच्या पुढे असतो, मॅन्युअलमध्ये आलेख असतो तो बघा. 15 मिमीचा मीटर घेतला असता तर वेग 1.2 मीटर आला असता, मस्त चालला असता, आणि स्वस्तही पडला असता.

दिंडोरीकर

भोसरीवाल्या दादांशी सहमत, आणि 540 चं कोडं राहिलंच ते मी सांगतो. मी नाशिककडे दिंडोरी भागात वाइनरीत सेलरचं काम बघतो, बिअरचा माणूस नाही, पण गरम-थंडाचं गणित सगळीकडे सारखंच. उकळत्या पाण्याची घनता 0.958, वीस अंशाला 0.998. म्हणजे चार टक्क्यांचा फरक. तुमचे 540 थंड झाले की 518 होणार. राहिले 28, ते व्हर्लपूलच्या (वॉर्ट गोल फिरवून गाळ खाली बसवायच्या टाकीच्या) तळाला ट्रब (प्रथिनांचा साका) आणि हॉप्सच्या गाळात राहिले असतील. म्हणजे तुमचा 490 चा फर्मेंटर बरोबर वाटतोय, मीटर एकटाच वेगळा बोलतोय.

आमच्याकडे हेच उलट बाजूनं होतं. टार्टरेटचे स्फटिक आधीच खाली बसावेत म्हणून वाइन उणे चारपर्यंत थंड करतो, तेव्हा 10,000 लिटरच्या टँकमागे 30-40 लिटर कमी दिसतात, वाइन कुठे गेलेली नसते. नवीन मुलगा आला की पहिल्या वर्षी घाबरून हिशोब विचारायला येतोच, म्हणून आता रजिस्टरमध्ये लिटरशेजारी तापमानाचा रकाना केलाय. तुम्हीही करा.

फ्लो मीटरचा आमचा अनुभव सांगतो. जानेवारी ते मार्च हंगाम, रेड वाइनला दिवसातून दोनदा पंप-ओव्हर, म्हणजे टँकच्या तळाचा रस काढून वर तरंगणाऱ्या सालींच्या थरावर सोडायचा. पूर्वी घड्याळ लावून करायचो, वीस मिनिटं पंप चालू, झालं. एका वर्षी एका टँकचा रंग मागेच राहिला, टॅनिनही कच्चं, कारण कळेना. मग मॅग मीटर जोडला तेव्हा कळलं की पंप सुरुवातीला तासाला 9,000 लिटर देतो आणि दहा मिनिटांत आतल्या जाळीवर साली आणि बिया बसल्या की 5,000 वर येतो. म्हणजे वीस मिनिटं म्हणायची, पण रस जवळजवळ एक तृतीयांश कमी फिरायचा. तेव्हापासून मिनिटं नाही, लिटर लिहितो.

आणि सालीबियांच्या रसाला टर्बाइन मीटर चुकूनही लावू नका. आम्ही आधी तोच लावला होता. पंख्यात द्राक्षाच्या देठाचे तुकडे अडकून पहिल्याच दिवशी चक्का जाम, हंगामाच्या मध्यावर रात्री अकराला बॅटरीच्या उजेडात क्लॅम्प उघडून चिमट्यानं एकेक देठ ओढून काढलाय. मॅग मीटरच्या आत अडकायला काही नसतंच, सरळ नळी.

म्युनिकहून_अभि

मी इथे घरी 20 लिटरच्या बॅच करतो, त्यामुळे माझं सगळं छोटं, पण टर्बाइनबद्दल थोडं उलट बोलतो. ज्या आरओच्या पाण्यावर मॅग मीटर नाचतो तिथे टर्बाइन उत्तम चालतो, कारण पाणी स्वच्छ असतं आणि पंख्याला कंडक्टिव्हिटीशी देणंघेणं नाही. मी तो प्लॅस्टिकचा वायएफ-एस201 हॉल सेन्सर (पंखा फिरला की पल्स देणारा) वापरतो, लिटरला 450 पल्स, आर्डुइनोवर मोजतो. तुम्हाला ब्रूअरीसाठी स्टीलचा, फूड ग्रेड घ्यावा लागेल, पण तत्त्व तेच. हा माझा सेन्सर मी फक्त थंड पाण्यावर ठेवतो, गरम वॉर्टला प्लॅस्टिक नको, आणि हॉप्सचा चुरा गेला तर पंखा अडकतो. कागदावरचं 450 मात्र प्रमाण मानू नका, माझा मोजल्यावर 431 निघाला.

नाहीतर दुसरा उपाय, तुम्ही कॅल्शियम क्लोराइड आणि जिप्सम आरओच्या पाण्यात टाकतच असाल ना? ते मॅश टनमध्ये न टाकता गरम पाण्याच्या टाकीतच विरघळवा, मीटरच्या आधी. कंडक्टिव्हिटी शेकड्यात जाते, मॅग मीटर शांत होतो.

मॅशच्या पाण्याचं मोजमाप हलक्यात घेऊ नका असं मला वाटतं. तुम्ही 500 लिटरला 100 किलोच्या आसपास माल्ट घेत असणार, किलोला 3 लिटर धरलं तर 300 लिटर पाणी. त्यात 20 इकडेतिकडे झाले की मॅशचं तापमान हलतं, आणि मग शेवटी बिअर कोरडी का झाली याचं कारण सापडत नाही. लॉटरिंगला (धान्यातून वॉर्ट गाळून काढताना) पण मीटर असेल तर बघा, रनऑफ (गाळून येणारा वॉर्ट) घाईनं ओढला की धान्याचा थर खाली दाबला जातो आणि प्रवाह हळूहळू मरतो, ते आकड्यावर पाच मिनिटं आधी दिसतं, डोळ्यांना नंतर.

भोसरी_इन्स्ट्रुमेंट

अभि बरोबर बोलतायत. त्यांनी 450 चा 431 काढला तसाच प्रत्येकानं आपला मीटर आपल्या लाईनवर तपासावा. बादली आणि वजनकाटा, बस. पण वॉर्ट असेल तर किलोला लिटर समजू नका. 12 प्लेटोची घनता 1.048, म्हणजे काट्यावर 20 किलो आले तर ते 19.08 लिटर. पाण्यानं तपासाल तर हा प्रश्न येत नाही, पण मग नळाचं पाणी घ्या, आरओ नको.

वॉर्टवाला_पुणे

आठ दिवसांनी येतोय, सॉरी, मध्ये दोन ब्रू होते. अपडेट देतो.

सोमवारी मीटर काढून चिलरच्या बाहेरच्या उभ्या पाइपात घातला, ऑक्सिजनचा दगड त्याच्या नंतर केला. त्याआधी चिलर आणि दगडाच्या मध्ये साइट ग्लासचा तुकडा (आत दिसेल असा काचेचा पाइप) होता तो दगडाच्या पुढे लावून टॉर्चनं बघितलं, आणि तेव्हाच पटलं. वरच्या बाजूला पांढरी पट्टी सरकत होती सलग, बोटाएवढी जाड, आणि खाली वॉर्ट. रोज त्याच पाइपासमोरून जातो आणि आत हे चाललंय हे कधी दिसलंच नव्हतं.

मग नळाच्या पाण्यानं बादली टेस्ट केली, 50 किलोच्या काट्यावर, ट्रान्सफरच्याच स्पीडला. पाच वेळा. मीटर सरासरी एक टक्का जास्त दाखवतो, दरवेळी सारखाच नाही, कधी पाऊण, कधी दीड. स्पीड वाढवून मिनिटाला 40 लिटर केलं तर फरक जवळपास गेलाच. म्हणजे मीटर मोठा घेतला हेच खरं.

काल पुन्हा तीच हेफे. केटलला 538, मीटर 495, फर्मेंटर 489. व्हर्लपूलमध्ये उरलेलं बादलीनं काढून मोजलं, 27 भरलं. दिंडोरीकर दादा, तुमच्या चार टक्क्यांनी 516, त्यातून 27 वजा, 489. हे लिहिताना सुद्धा बरं वाटतंय, दोन महिन्यांत पहिल्यांदा रजिस्टरला आकडा लिहिताना हात अडखळला नाही.

क्षार आता गरम पाण्याच्या टाकीत टाकतोय. त्या लाईनवर मीटर लावून बघितला, 280 मायक्रोसिमेन्स, आकडा एकदम स्थिर. मालकांना 15 मिमीच्या मीटरबद्दल बोललोय, मोठा मीटर सीआयपीच्या (न उघडता पाइप-टाक्या धुवायच्या) रिटर्नवर लावू म्हणतोय, तिथे फ्लो जास्त असतो. तो चालेल ना सर? कॉस्टिक 2 टक्के, 75 अंश.

भोसरी_इन्स्ट्रुमेंट

चालेल, उत्तम चालेल. दीड इंची लाईन धुवायला सेकंदाला दीड मीटर वेग धरतात, म्हणजे तुम्हाला मिनिटाला 85 लिटरच्या आसपास दिसायला हवेत. कमी दिसले तर पाइप धुतला जात नाहीये, नुसता ओला होतोय. आतलं अस्तर पीटीएफई किंवा पीएफए आहे का तेवढं नेमप्लेटवर बघून घ्या, रबराचं असेल तर गरम कॉस्टिकला लावू नका. आणि रिटर्नवर लावताना मीटर पंपाच्या सक्शनच्या बाजूला नको, तिथे पण हवा ओढली जाते. पंपानंतर लावा.

दिंडोरीकर

साइट ग्लास दगडाच्या पुढेच कायम राहू द्या दादा, काढू नका. आमच्याकडे पंपाच्या तोंडाशी एक आहे, पॅकिंग सैल होऊन हवा ओढायला लागलं की मीटरच्या आधी तिथे कळतं.