बाळाला घेऊन एकटीने माहेरी, विमानाने

सात महिन्यांच्या बाळाला घेऊन एकटीनेच विमानाने सावंतवाडीला जायचं का, घरचे ट्रेनने जा म्हणतायत, असं विचारलंयस ना, तर माझं मत विचारशील तर बिनधास्त जा गं. मी लेक आठ महिन्यांची असताना बंगळुरूहून गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरून वेंगुर्ल्याला गेले होते, मोपा सावंतवाडीला गोव्याच्याच दाबोळी विमानतळापेक्षा बरंच जवळ पडतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कान. टेकऑफला तर पाजच, पण खरा त्रास विमान उतरताना होतो, आणि लँडिंगच्या वीस-पंचवीस मिनिटं आधीच ते खाली यायला लागतं, तेव्हा बाळ गाढ झोपलेलं असलं तरी मी हळूच उठवून अंगावर घेतलं कारण गिळताना कानातला दाब सुटतो. त्यामुळे आधीच पोटभर पाजून बसू नकोस, थोडी भूक राहू दे.

जन्मदाखला जवळ ठेव, दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर घेतेस म्हणून वयाचा पुरावा मागतात. स्ट्रोलर असेल तर चेक-इनला विचारून घे, पण मला बाळाला छातीशी बांधायचा कॅरियरच बरा वाटला, दोन्ही हात मोकळे, फक्त सिक्युरिटीला काढायला लागला तेव्हा शेजारच्या काकूंनी बॅग धरली. मदत माग, लाजू नकोस, लोक खरंच करतात.

आणि टॅक्सी आधीच सांगून ठेव. माझी आई दारातच उभी होती, ‘इला गे माझा चेडू’ (आली गं माझी पोर) म्हणत लेकीला घेतलंन आणि मी दोन तास झोपले.