पीएफसेन्स एचए: वॅनवर दोन्ही बॉक्स मास्टर

वॅनवाला:
दोन ईएसएक्सआय होस्टवर (व्हर्च्युअल मशीन म्हणजे व्हीएम चालवणारे सर्व्हर) पीएफसेन्स फायरवॉलची एचए जोडी आहे, एक बंद पडली तर दुसरी काम घेते. सामायिक पत्ता (व्हीआयपी) कोणाकडे ते कार्प प्रोटोकॉल ठरवतो. लॅनच्या (आतल्या बाजूच्या) कार्पवर एक मास्टर, एक बॅकअप. वॅनवर (इंटरनेटच्या बाजूला) मात्र दोन्ही मास्टर! अॅडव्हर्टाइजमेंटचा बेस (किती सेकंदांनी) दोन्हीकडे १, स्क्यू (कमी त्याला प्राधान्य) प्रायमरीला ०, सेकंडरीला १००. व्हीएचआयडी (कार्प गटाचा क्रमांक), पासवर्ड, मास्क जुळतात. शिवाय प्रायमरी मेंटेनन्स मोडला टाकली की चालू डाउनलोड तुटतात, नवीन कनेक्शन मात्र जुळतात.

रूटमास्तर:
मास्टर ‘मी चालू आहे’ सांगायला पाठवतो त्या अॅडव्हर्टाइजमेंट सेकंडरीपर्यंत पोहोचत नाहीयेत. लागोपाठ तीन हुकल्या की ती मास्टर होणारच. वॅनवर दोन्हीकडे कॅप्चर लावा: प्रोटोकॉल ११२, डेस्टिनेशन २२४.०.०.१८. प्रायमरीतून निघतात पण सेकंडरीला दिसत नाहीत, असं असेल तर आधी पोर्टग्रुप (व्हीस्विच म्हणजे व्हर्च्युअल स्विचचा, व्हीएम जोडलेला भाग) बघा. ही पॅकेट्स व्हीएमच्या नव्हे, कार्पच्या व्हर्च्युअल मॅकवरून निघतात. फोर्ज्ड ट्रान्समिट्स रिजेक्ट असेल तर व्हीस्विच ती तिथेच टाकून देतो. ते, मॅक अॅड्रेस चेंजेस आणि प्रॉमिस्क्युअस मोड (इतरांची पॅकेट्सही घेणं), तिन्ही अॅक्सेप्ट करा, दोन्ही होस्टवर. नुसतं व्हीस्विचवर बदलून भागत नाही, पोर्टग्रुपवर ओव्हरराइड असेल तर तेच चालतं.

कॅप्चरमध्ये आयएसपीचं व्हीआरआरपी (कार्पसारखाच प्रोटोकॉल) दिसलं तर त्याचा आयडी स्वतःला घेऊ नका. मॅक सारखाच बनतो.

पोर्ट४८:
वरच्यात एक भर. व्हीस्विचला दोन अपलिंक (बाहेर जाणारे प्रत्यक्ष नेटवर्क पोर्ट) असतील तर प्रॉमिस्क्युअस चालू केल्यावर स्वतःचीच अॅडव्हर्टाइजमेंट दुसऱ्या अपलिंकवरून परत येते आणि मास्टर बॅकअपला जातो. होस्टच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमधलं रिव्हर्स पाथ फॉरवर्ड चेक प्रॉमिस्क १ करा, मग प्रॉमिस्क्युअस बंद करून पुन्हा चालू करा. म्हणून दुसरी अपलिंक काढू नका मात्र. एकच असली आणि तिची केबल गेली तर व्हीएमचा व्हर्च्युअल पोर्ट अपच राहतो, डिमोशन (प्रायमरीने स्वतःहून मागे हटणं) होत नाही. वॅन सेकंडरीकडे आणि लॅन प्रायमरीकडे, अशी फाटाफूट होते.

नॅटनाना:
डाउनलोड तुटण्याचं कारण वेगळं. आउटबाउंड नॅट (बाहेर जाणाऱ्या पॅकेटचा पत्ता बदलणं) अजून वॅन इंटरफेसच्या पत्त्यावर असणार; तो पत्ता सेकंडरीकडे जात नाही. नियमात ट्रान्सलेशन अॅड्रेस म्हणून कार्पचा व्हीआयपी द्या. मग पीएफसिंक (चालू कनेक्शनच्या नोंदी, म्हणजे स्टेट, दुसऱ्या बॉक्सकडे नेणारं) दोन्हीकडे चालू आहे ना, आणि सिंक इंटरफेसवर त्याला परवानगी आहे ना, ते बघा. इंटरफेसची नावंही दोन्हीकडे तीच हवीत, नाहीतर स्टेट येऊनही लागू होत नाहीत. लॅनच्या डीएचसीपीत गेटवे व्हीआयपीच आहे ना?

वॅनवाला:
गेटवे व्हीआयपीच. प्रायमरीच्या होस्टवर फोर्ज्ड रिजेक्ट होतं. आता वॅनला एकच मास्टर. नॅट बदलल्यावर डाउनलोड टिकले. ओपनव्हीपीएन मात्र अजून तुटतं.

नॅटनाना:
ते तुटणारच. बोगदा फायरवॉलवरच संपतो, त्याचं टीएलएस सेशन पीएफसिंक नेत नाही. सर्व्हर व्हीआयपीवर बांधा, म्हणजे क्लायंट आपोआप पुन्हा जोडले जातील.