अल्हाम्ब्रासारखं टाइलकाम पडवीच्या भिंतीवर: कोणती पद्धत घेऊ?

मातीकाम_वेंगुर्ला
पडवीतल्या भिंतीवर ६० × १२० सेंमीचं पॅनेल करायचंय. नमुना स्पेनमधल्या ग्रानाडाच्या अल्हाम्ब्रा राजवाड्यात भिंतींच्या खालच्या भागावर असतो तसा: आठ टोकांचे तारे आणि त्यांच्यामधून एकमेकींच्या वरखालून जाणाऱ्या पांढऱ्या पट्ट्या. विजेची भट्टी वापरायला मिळते, आतून ४० सेंमी, १०६० अंशांपर्यंत नीट जाते. लाल माती हाताशी आहे. पावसात भिंतीवर शिंतोडे येतात. सगळं मिळून २५ हजारांच्या आत. कुएर्दा सेका (रंगांमध्ये रेघ), आरिस्ता (रंगांमध्ये उठावाची कडा), की तुकडे कापून आलिकातादो? ग्लेझ (वरचा काचेसारखा लेप) शिसं नसलेलंच हवं.

भट्टीवाला_कोल्हापूर
डोळे झाकून कुएर्दा सेका. म्हणजे 'कोरडी दोरी'. दोन रंगांच्या मध्ये मँगनीज आणि तेलाची रेघ असते. पाण्यात कालवलेलं ग्लेझ तेलाला धरत नाही, म्हणून शेजारचे रंग मिसळत नाहीत. रेघ १ ते १.५ मिमी ठेवा, मिश्रण मधासारखं दाट. तेल जास्त झालं की रेघ फुटते आणि ग्लेझ मागे सरकून टक्कल पडतं. ग्लेझ रबरी पिचकारीने सोडा आणि रेघेच्या किंचित अलीकडे थांबा, पुढचं ते आपणहून भरतं. बिस्क (ग्लेझ लावायच्या आधीची भाजणी) १०५०, ग्लेझ १०००. त्यावर गेलात तर ग्लेझ रेघ ओलांडून वाहतं.

१५ सेंमीच्या ३२ टाइल बसतील, ४० करा. जाडी ८ ते १० मिमी, मातीत २० टक्के बारीक दळलेली खापरी. कडा आधी वाळतात आणि टाइल बशीसारखी वर वळते, तेव्हा दोन जिप्सम बोर्डांमध्ये दाबून वाळवा, रोज उलटा. ओल्या पट्टीवर १० सेंमीची खूण करून भाजून मोजा. ७ टक्के आकसत असेल तर टाइल १६.१ सेंमीची कापावी लागेल.

मँगनीजची भुकटी आणि धूर दोन्ही वाईट. मास्क घाला, भट्टी चालू असताना त्या खोलीत थांबू नका.

नीळाई_पणजी
एवढा खटाटोप कशाला? गोव्यात आझुलेजु (पोर्तुगीज धाटणीच्या रंगीत टाइल) रंगवून देणारे आहेत, नमुना द्या, टाइल घ्या. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेतलं १९३५ चं जॉर्ज कोलासूंचं निळं काम बघून या. समुद्राच्या हवेतच आहे ते.

तिरंगी_रेघ
नीळाई, ते सुंदरच आहे, पण पद्धत वेगळी. पांढऱ्या ग्लेझवर कुंचल्याने सपाट चित्र काढायची रीत स्पेनच्या सेव्हिलमध्ये १५०० च्या सुमारास फ्रान्सिस्को निकुलोसो या इटालियन कारागिराने रुजवली. तिथल्या आल्काथार राजवाड्यातली त्याची वेदी १५०४ ची. ताईंना हवी आहे ती त्याआधीची भूमिती. कुंचल्याने काढलेली पट्टी वरखालून जाताना दिसत नाही, चित्रच वाटते.

नीळाई_पणजी
पण पांढरं कथिलाचं ग्लेझ इटलीला आलं कुठून? नवव्या शतकात इराकमध्ये सुरू झालं, अंदालुसियातून पुढे गेलं. 'मायोलिका' हे नावही मायोर्का बेटाचं. 'आझुलेजु'चाही निळ्याशी संबंध नाही, मूळ अरबी 'अझ्-झुलैज'. सपाट रंगकामही त्याच घरातलं आहे, त्याला परकं म्हणू नका.

रियाध_डोंबिवली
मोरोक्कोतल्या फेझहून तयार झेलिज (तिथलं कापीव टाइलकाम) मागवा. आमच्याकडे दोन मीटर भिंतीवर आहे, एक तुकडा हललेला नाही. इथे 'मोरोक्कन' म्हणून विकतात त्या छापील टाइल, नीट पाहिलं की कळतं: नमुना छापलेला, आकार एकच चौकोन. अशा मालावर २५ हजार घालवू नका, ७०-८० हजारांची तयारी ठेवा.

सतरा_समूह
नमुना ठरवताना एवढं बघा, की अल्हाम्ब्रात सममितीचे (सपाट नमुना पुनःपुन्हा जुळवायच्या रीतींचे) सगळे १७ समूह सापडतात. ताऱ्याऐवजी 'पाजारिता' घ्या, वळणदार बाजूंचा पक्ष्यासारखा आकार. एकाच साच्यात अख्खी भिंत भरते.

तिरंगी_रेघ
१७ चा आकडा इतका सरळ नाही. एडिथ म्युलर यांच्या १९४४ च्या प्रबंधात ११ होते. रंग मोजायचे की फक्त आकार, यावर गणना बदलते. आणि पाजारिताच्या तिन्ही बाजू वळलेल्या, कापायला सरळ ताऱ्यापेक्षा अवघड.

खारी_हवा
कुएर्दा सेकाच. वर भट्टीवाल्यांनी लिहिलंच आहे. पण ओलीचं कुणी बोललं नाही. लाल मातीची टाइल सहज १० टक्क्यांच्या वर पाणी पिते. ग्लेझला केसासारख्या भेगा असतील तर पाणी आत जातं, भिंतीतलं मीठ विरघळवतं आणि वाळताना ग्लेझ मागून ढकलतं. भेगा पडतात कारण थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं. ग्लेझमध्ये गारेची भुकटी ५ टक्क्यांपासून वाढवत चाचणी घ्या. भिंत खालून ओल धरत असेल तर आधी ते थांबवा, नाहीतर कुठलीही पद्धत टिकणार नाही.

साचेबंद
आरिस्ता. पीओपीच्या साच्यात खाचा कोरा, दाबलेल्या टाइलवर १ मिमीच्या कडा उभ्या राहतात, प्रत्येक कप्प्यात एक रंग. मँगनीजची रेघच नको. सेव्हिलच्या कासा दे पिलातोस वाड्यात १५३० च्या दशकातल्या अशा टाइलींनी भिंतीच्या भिंती भरल्यात, आणि त्यातले कितीतरी नमुने कापीव कामाचीच नक्कल आहेत. साच्याची धार बोथट होते, म्हणून मूळ नमुना जपून ठेवा, त्यावरून नवा साचा ओता. खर्च सगळ्यात कमी.

मातीकाम_वेंगुर्ला
सगळ्यांचे आभार. खारी_हवा, ओल खरंच आहे, आधी भिंतीचं काम करते.

ठरलं ते मात्र वेगळं. तुकडे हातानेच कापणार, पण ३० × ३० सेंमीचाच तुकडा, पडवीच्या आतल्या कोपऱ्यात. बाकी भिंत चुन्याची. १५ सेंमीच्या टाइलवर प्रकाश एका पत्र्यासारखा परततो. कापीव कामात प्रत्येक तुकडा केसभर वेगळ्या कोनात बसतो, उन्हाची तिरीप सरकली की एक तारा उजळतो आणि शेजारचा काळा होतो. मला तेच हवंय. सरासरी ६ चौ. सेंमीचा तुकडा धरला तर १५० होतात. २०० कापेन.

भट्टीवाला_कोल्हापूर
मग माझे आकडे बदला. १०५० ला भाजलेली माती हातोडीखाली वेडीवाकडी फुटते. बिस्क ९५० च्या आसपास, ग्लेझही तेवढ्यातच वितळणारं. १० सेंमीच्या एकरंगी टाइल भाजा, ग्लेझवर पत्र्याच्या साच्याने आकार आखा. खाली लोखंडी ऐरण, हातात धारेची जड हातोडी, आणि घाव नेहमी ग्लेझच्या बाजूने. मागून मारलं तर ग्लेझची कपची उडते. ताऱ्यासाठी ६ सेंमीचे दोन चौकोन ४५ अंशांत, टोकापासून टोकापर्यंत ८.५ सेंमी.

तिरंगी_रेघ
तुकड्याच्या बाजू मागे निमुळत्या करा, म्हणजे पुढच्या धारा एकमेकींना टेकतात आणि मसाल्याला मागे जागा मिळते. सरळ कापलात तर मातीचा एखादा उंचवटा दोन तुकड्यांना लांब ठेवतो आणि पट्टी तुटक दिसते. सगळे तुकडे सपाट फळीवर ग्लेझ खाली करून मांडा. मागे पीओपी नको, शिंतोड्यांनी भुसभुशीत होईल. १:३ सिमेंट-वाळू, २ सेंमी, मध्ये जाळी. पॅनेल ५ ते ६ किलोचं होईल.

फळीवर तुकड्यांखाली ठेवायचा नमुन्याचा कागद मात्र आरशातल्यासारखा उलटा काढा. तारा दोन्हीकडून सारखाच दिसतो, पण पट्ट्या नाहीत. सरळ कागदावर मांडलंत तर भिंतीवर लावल्यावर वरून जाणारी प्रत्येक पट्टी खालून गेलेली दिसेल.