हिरवा लेझर पॉइंटर वापरणार असाल तर जरा थांबा

या चर्चेत वरच्या पोस्टमध्ये दोन मोटरींवर आरसे चिकटवून भिंतीवर लेझरची नक्षी काढायची कृती दिलीय, आणि 'पॉइंटर ५ मिलिवॅटचाच आहे, काही होत नाही' असंही म्हटलंय. कृती झकास आहे, पण हे वाक्य मला पटलं नाही.

लाल, ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा डायोड (थेट लाल प्रकाश देणारा छोटा भाग) असेल तर एक वेळ ठीक. स्वस्तातल्या हिरव्या पॉइंटरमध्ये मात्र आधी ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त (इन्फ्रारेड) किरण असतो, स्फटिकात त्याचा १०६४ होतो आणि मग कुठे ५३२ चा हिरवा. उरलेलं अवरक्त अडवायला फिल्टर लागतो, आणि पैसे वाचवायला नेमका तोच वगळलेला असू शकतो. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मोजमापांची मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१० साली १० मिलिवॅटचा म्हणून विकलेला एक पॉइंटर तपासला, तर त्यातून जवळपास २० मिलिवॅट अवरक्त बाहेर पडत होतं! ते दिसत नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही. (साधा काळा गॉगल लावून भागत नाही, अंधारामुळे बाहुली उलट मोठी होते.)

दुसरी गोष्ट मोटरीची. फिरते आहे तोवर किरण पसरलेला, अडकली की सगळा एकाच ठिपक्यात. आमच्या मखरामागे एकदा आरसाच सुटला आणि ठिपका थेट सतरंजीवर, पोरं आरतीला बसतात तिथे. आता सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यात, डोक्याच्या वर, भिंतीकडे तेवढी खाच. आणि आरसे जुळवताना खोलीतला दिवा चालू ठेवा, हातातलं घड्याळ-अंगठी काढून ठेवा, त्यावरून किरण उलटून डोळ्यात जाऊ शकतो.