स्टेफीचं नाव कसं नाही?

जोकोविचची २४ ग्रँड स्लॅम (ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन, यूएस या चार मोठ्या स्पर्धांची विजेतेपदं) झाली म्हणजे टेनिसमधला सर्वकालीन सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण हा वाद मिटला, असं दादा तुम्ही म्हणता. मला अजिबात पटत नाही. जर्मनीच्या स्टेफी ग्राफचं नावच कुणी काढलं नाही! आमच्या रत्नागिरीत विम्बल्डन म्हणजे ऐन पावसाळा, लाइट कधी जाईल नेम नाही. तरी तिचा फोरहँड बघायला शेजारीपाजारी टीव्हीसमोर जमायचे. १९८८ मध्ये चारही ग्रँड स्लॅम, वर सोल ऑलिम्पिकचं सुवर्ण. व्हीलचेअर टेनिस सोडलं तर एकेरीत एकाच वर्षात हे दुसऱ्या कुणालाही जमलेलं नाही. जोकोविच पुरुषांत सर्वश्रेष्ठ, मान्य. पण सर्वकालीन म्हणाल तर माझं मत स्टेफीलाच. तिच्या २२ विजेतेपदांत प्रत्येक स्पर्धा किमान ४ वेळा आहे. जोकोविचकडे फ्रेंच ३, नदालकडे विम्बल्डन २, फेडररकडे फ्रेंच एकच.