प्रति: सच्छिद्रता वाढवली की पुरे?
हाडाच्या जागी बसवायच्या सिरॅमिकच्या तुकड्याची सच्छिद्रता (छिद्रांनी व्यापलेला भाग) ७० टक्क्यांवर नेली की हाडासारखी रचना मिळते, असे इथल्या चर्चेत म्हटले गेले; ते अर्धेच खरे आहे, कारण छिद्रे एकमेकांना जोडलेली नसतील तर पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरूच शकत नाहीत. चर्चेत न आलेली अडचण ताकदीची आहे: असा तुकडा बनवताना स्पंज हायड्रॉक्सीॲपेटाइटच्या (हाडातल्या खनिजासारख्या कॅल्शियम फॉस्फेटच्या) चूर्णाच्या घोळात बुडवून भाजला की स्पंज जळून जातो आणि सिरॅमिकच्या प्रत्येक काडीच्या पोटात पोकळी राहते, तुकडा ठिसूळ होतो तो बऱ्याच अंशी तिथूनच.

त्याऐवजी पाण्यातला घोळ एकाच दिशेने गोठवला, तर वाढणारे बर्फाचे स्फटिक चूर्णाचे कण बाजूला सारतात, आणि निर्वातात बर्फाची थेट वाफ करून तुकडा भाजल्यावर भरीव भिंतींचे समांतर थर उरतात. मात्र गोठवण्याचा वेग वाढला की छिद्रे बारीक होतात, त्यामुळे हाडाच्या वाढीला पुरेशी रुंद वाट हवी असेल तर (गैरसोयीचे असले तरी) सावकाशच गोठवावे लागते.